न रंगवलेली भिंत

ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

मी काम करतोय ते जुनं घर वाचलं, बाबा! इथे एकेकाळी मोठमोठे लेखक जमायचे असं सगळे म्हणत, पण पुरावा नव्हता, म्हणून ते पाडायचं ठरलं होतं. शेवटचा उपाय म्हणून भिंतींवरचे रंगाचे जुने थर काढायला मला बोलावलं.

मुकादम म्हणाला, "खरवडून मोकळा हो." मी मात्र तुमचंच ऐकलं: आधी ओलं फडकं, मग हलका हात. सातव्या थराखाली पेन्सिलीची अक्षरं निघाली. "भिंतीवर लिहू नये. – घरमालकीण." आणि त्याखाली, "कागद संपला, क्षमा असावी," अशी चार लेखकांची सह्यांनिशी माफी! जाणकारांनी सह्या ताडून पाहिल्या. अस्सल निघाल्या. मुकादमाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

चुन्याच्या धुळीने जरा खोकला आहे, आईला सांगू नका. तुमच्या हाताची थरथर कमी झाली का?

ती भिंत आता काचेआड राहील. जन्मात पहिल्यांदा मी एक भिंत न रंगवता सोडली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

भिंतीवर रेघोट्या मारल्या म्हणून तुमच्या हातचा मार खाल्लेला,
तुमचा धाकटा