पिवळ्यातला अश्विन

४ जुलै २०१६
आजपासून आमच्या मानसोपचार विभागात रंग सुरू. जास्त धोका लाल, मध्यम पिवळा, नसेल तर हिरवा. कल्पना माझी. लांबलचक बोलणं बंद. इफ्फत सिस्टरना वेगळं बजावलं. त्या पेशंटबद्दल फार बोलतात. अमरावतीच्या कार्यशाळेत हेच मांडायचं. अकोल्याचा समुपदेशक काय चीज आहे, कळेल.

७ जुलै
पातूरच्या अश्विनला सुट्टी. मोटारपंप दुरुस्त करतो. जीव द्यायचं बोलत होता म्हणून भरती केला होता. आमच्या डॉक्टर माधवी मॅडम म्हणाल्या, आईला नीट सांगा: एकटा सोडू नका, गोळ्या तुमच्याजवळ ठेवा. बाई आधीच घाबरलेली. तिच्यापुढे मरणाचं कशाला काढा? म्हणालो, "चतुराबाई, पोरगा पिवळ्यात आहे. सांभाळा." मान हलवली. काम फत्ते.

११ जुलै, सकाळ
इफ्फत सिस्टरनी अश्विनला फोन केला होता. धड बोलला नाही म्हणे. मी रंग विचारला. "रंग नाई सांगता येत सर, मले भीती वाटून राहिली." भीती हा रंग नाही, असं शांतपणे समजावलं.

दुपार
सिस्टरनी शेजारणीला फोन लावला. चतुराबाई परगावी गेली, पोराच्या काविळीचं औषध आणायला. पोरगा घरी एकटा, दार बंद. कावीळ मधेच कुठून आली? पातूरला निघालो, जीपमध्ये बसल्यावर लक्षात आलं: माझा 'पिवळा'. सिस्टरना बोललो नाही. ड्रायव्हर फार हळू चालवतो.

संध्याकाळ
आतून कडी. हाका मारल्या, उत्तर नाही. मीच पुढे झालो. विचारलं, अश्विन, आता कोणता रंग वाटतो? सिस्टरनी मला बाजूला सारलं. "अश्विन, मरायचा इचार हाय काय मनात? खरं सांग." असं विचारतात का कोणाला!
मग आतून, "हाव."
कडी निघाली. गोळ्यांच्या पट्ट्या खाटेवर होत्या, न फोडलेल्या. पोरगा सिस्टरच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. मी जीप वळवून घेतली.

१२ जुलै
अश्विन वॉर्डात. थोडा जेवला. पद्धत बरोबरच होती, अंमलबजावणी कमी पडली. मॅडमनी मला चतुराबाईंसमोर बसवलं. म्हणाल्या, सगळं परत सांगा, मराठीत. सांगितलं.
बाईंनी ऐकून घेतलं. मग, "हे त्या दिवशी काहून नाई सांगतलं साहेब?"
म्हटलं, तुम्ही घाबरला असता.
"घाबरली असती, तं घरीच रायली असती."