आवाज न चढवता

२ जुलै
ऋजुताने सोडलं. कारण काय, तर तुझ्यासोबत कुठेही गेलं की भांडण. पुरावा म्हणून कासारवडवलीचा रिक्षावाला काढला. अरे, तो तिला "लवकर बस ना" म्हणाला होता! कॉलर धरणार नाही तर काय आरती ओवाळणार? वर म्हणाली, तिच्या ऑफिसातला अनिमेष कधीच आवाज चढवत नाही.

४ जुलै
एका व्हिडिओत ऐकलं. माणूस नक्कल करूनच सुधारतो. चांगला माणूस निवडा आणि डिट्टो कॉपी करा. पटलं. कॉलेज सेकंड इयरला सोडलं (सरांशी वाजलेलं), पण कॉपीत मी कधी मागे नव्हतो. माणूस शोधायची गरजच नाही. ऋजुताने शोधून ठेवलाय.

७ जुलै, संध्याकाळ
घोडबंदर रोडला तिच्या ऑफिससमोरच्या टपरीवर अनिमेषचं निरीक्षण. बिनसाखरेचा चहा. हात खिशात. कुणी काही विचारलं की अर्धवट हसतो आणि म्हणतो, "तुला योग्य वाटेल ते कर." बस्स? महिन्याभरात होतो अनिमेष.

८ जुलै
बिनसाखरेचा चहा. अर्धा ओतून दिला. उद्यापासून पूर्ण.

१५ जुलै
खोपट नाक्यावर विनीतने विचारलं, भावा, पोट बिघडलंय का, असा काय उभा राहतोस? पाठीत एक घातली. अनिमेषने घातली नसती. पण विनीत लहानपणापासूनचा दोस्त, तो यात धरायचा नाही.

२ ऑगस्ट
रिक्षावाल्याने उगाच लांबून फिरवलं. आतून पेटलेलो. तरी हात खिशात, अर्धवट हसू, "ठीक आहे, दादा." तोच टरकला. जमतंय!

१२ ऑगस्ट
ऋजुता स्वतः आलेली! आमच्या बिल्डिंगखाली. डोळे सुजलेले. म्हणाली, घरच्यांनी अनिमेषशी जमवलंय, रविवारी साखरपुडा, मी अजून हो म्हटलं नाहीये. तुला काही बोलायचंय?
कानशिलं तापली. अख्खी बिल्डिंग गॅलरीत येईल असं ओरडायचं होतं. पण हीच तर परीक्षा. हात खिशात. म्हटलं, "तुला योग्य वाटेल ते कर."
तिने विचारलं, एवढंच? म्हटलं, एवढंच.
मग म्हणाली, "शहाणा झालास रे," आणि ओढणीने डोळे पुसत गेली.
फुल मार्क्स. बदल दिसला तिला. फोन येणारच.

१६ ऑगस्ट, रविवार
फोन आला नाही. दुपारी विनीत आला. म्हणे परवा ऋजुता त्याला भेटलेली. म्हणालेली, एकदा ओरडला असता ना, तर घरी नाही म्हणून सांगितलं असतं. गाढवा, हे आज सांगतोस?
जिन्यात उभं राहून घसा साफ केला. फोन लावला. तिने उचलला. मागे सनई, बायकांचं हसणं. हळूच म्हणाली, "बोल ना."
आणि तोंडातून निघालं, "अभिनंदन. काळजी घे."

संध्याकाळी
आईने विचारलं, आज तरी चहात साखर घालू का रे. म्हटलं, तुला योग्य वाटेल ते कर.
आईने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.