चाकांवरचा फ्रिज

बाबा, आईच्या उजव्या हाताची मूठ अजून नीट वळत नाही. मी महिनाभर तुमच्या फोटोकडे बघायचं टाळते आहे.

लालबागच्या खोलीत पहिला फ्रिज आला तो दिवस आठवतो. जुनाच, पण मी बारा वर्षांची होते, मला बर्फ हवा होता. तुम्ही माझगावच्या गोदीत वायरमन, पहिल्या पाळीला गेलेले. फ्रिजला प्लगच नव्हता, म्हणून मी उघड्या तारा भिंतीवरच्या सॉकेटच्या भोकांत खोचल्या आणि काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट बसवल्या. तुम्ही दारात येता, बघता, मेन स्विच पाडता. मग सगळा मजला ऐकेल एवढ्या मोठ्यानं, "बर्फ बाजारात मिळतो. तू मिळशील?" अर्थिंगची तार ओढून होईपर्यंत आठ दिवस त्या फ्रिजमध्ये कांदे-बटाटे होते. तार बसवताना तुम्ही मला शेजारी बसवून सांगितलंत, "पत्र्यात उतरलेला करंट या तारेनं जमिनीत जातो. तार नसली की माणसातून जातो. आणि कुणी चिकटलं तर त्याला धरायचं नाही, आधी बटण."

गेल्या वर्षी आम्ही एक ट्रेलर घेतला, जीपला जोडून न्यायचा. आत झोपायची सोय, बाजूची फळी वर केली की बाहेर स्वयंपाकघर, शेगडी, बेसिन, कमरेएवढा फ्रिज. कोकणात जाणाऱ्यांना भाड्यानं द्यायचा बेत. भोईवाड्यात एका बंद कारखान्याच्या आवारात तो उभा असतो. वॉचमनच्या केबिनमधून वायर ओढली होती, दोनच तारांची.

"अर्थिंग कुठाय?" मी विचारलं.

"अगं, रबरी टायरवर उभा आहे, जमिनीला टेकतोय कुठे?" तुमचा जावई म्हणाला. "पुढच्या आठवड्यात करू."

टेकत नाही म्हणूनच तार हवी, हे मला माहीत होतं. तरी मी गप्प बसले.

रविवारी पहिल्या सहलीआधी सगळं चालवून बघायचं ठरलं. आई हौसेनं आली. सकाळीच ट्रेलर धुतलेला, खाली सगळं ओलं. स्वयंपाकाच्या जागी चप्पल नको म्हणून तिनं ती लांब काढून ठेवली. मी कांदा चिरत होते. "कोथिंबीर काढते गं," ती म्हणाली आणि मग काहीच म्हणाली नाही. मी वळले. तिची मूठ फ्रिजच्या दांड्यावर, तोंड उघडं, आवाज नाही. माझे हात तिच्याकडे निघाले होते, बाबा. ते मागे घेतले, केबिनकडे धावले, बटण पाडलं. ती धप्पकन खाली पडली.

डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचल्या. नंतर वायरमननं फ्रिज ओढून दाखवला. ट्रेलर विकत घेऊन आणताना रस्त्यात हादरे बसून मागची तार पत्र्यावर घासली होती. सगळा ट्रेलर करंट धरून उभा होता. आता तीन तारांची केबल आहे, जमिनीत अर्थिंगचा रॉड आहे, करंट गळला की आपोआप पडणारा स्विच आहे. तो मी दर वेळी दाबून बघते.

परवा आई बोटं चोळत म्हणाली, "तू तर रोज पुसायचीस तो फ्रिज. तुला कधी शॉक नाही गं लागला?"

"नाही," मी म्हटलं.

लागला होता. आदल्याच दिवशी, शनिवारी दार पुसताना कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. मी हात झटकला, चप्पल घातली आणि कोरडं फडकं धरून दार उघडत राहिले. हे कागदावर लिहिलं, एवढंच. आईला सांगायचं धाडस अजून झालेलं नाही.