पेटीतलं झबलं

॥ श्री ॥
पेण, ९ जानेवारी २०२५

ती. विमलबाई यांस,
अनिताचा सा. न. वि. वि.

फोनवर बोलता आलं असतं, पण डॉक्टरांचं एक अक्षरही इकडचं तिकडे होऊ नये म्हणून लिहून पाठवते आहे. आमची मृणाली रविवारी बाळाला घेऊन तुमच्याकडे रोह्याला येईल. तुमचा नातू दोन महिन्यांचा झाला. भूक लागली की घर डोक्यावर घेतो, त्या बाबतीत थेट रितेशरावांवर गेला आहे.

इथल्या सरकारी दवाखान्यात आता प्रत्येक बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासतात. आपल्या बाळाच्या रक्तात लाल पेशींना जपणारं एक द्रव्य जन्मतःच कमी आहे. आजार म्हणावा असं काही नाही. काही औषधं आणि डांबरगोळ्या यांपासून मात्र त्याला लांब ठेवायचं. गोळ्यांच्या नुसत्या वासानेही रक्तातल्या लाल पेशी फुटतात, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं.

तुमच्या घरी बाळ पहिल्यांदा उंबरठा ओलांडतं तेव्हा त्याला पेटीत डांबरगोळ्यांत जपलेलं जुनं झबलं घालतात, हे मृणालीने सांगितलं. रीत मोडा असं मी म्हणत नाही, एवढ्या वेळी झबलं नवं असू द्या. शिवून सोबत पाठवते आहे. आमच्या मिठागराकडच्या शिलाईला नावं ठेवायची मुभा तुम्हाला आहेच.

माया आहे तशीच राहू द्यावी.
अनिता

अलिबाग, १७ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दिनानाथमामा इथल्या दवाखान्यात भेटायला आले आहेत, त्यांच्या हाती हे देते. माझा फोन रितेशच्या हातात आहे आणि रितेश आईच्या शेजारी बसला आहे. आधी हे वाच, की बाळ आहे. रक्त चढवलं, आता डोळे उघडून बघतो. बाकीचं वाचताना खाली बस.

रविवारी दारात भाकरतुकडा ओवाळला आणि सासूबाई पेटीतलं झबलं-दुपटं घेऊन पुढे आल्या. वास माझ्या नाकात गेला. मी तुझ्या पत्राची आठवण करून दिली, तर म्हणाल्या, दोन दिस उन्हात घातलंय, आता काय हाय त्यात? रितेशने घातलं, धाकट्या आदेशने घातलं, कुणाला काय नाय झालं, तुझ्याच पोराची बरी नाटकं गो! मी ऐकलं नाही, तू शिवलेलंच घातलं. तोंड वाकडं करून आत गेल्या. मला वाटलं, संपलं.

दुपारी मी आंघोळीला गेले. बाहेर येते तो बाळाच्या अंगात तेच झबलं, तेच दुपटं, आणि भोवती आळीतल्या बायका. सगळ्या हसत होत्या. सून न्हायला गेली आणि मी रीत करून घेतली, हे सासूबाई कौतुकाने सांगत होत्या. बाळ त्यात गाढ झोपलं होतं.

मंगळवारी त्याने दूध सोडलं. डोळे पिवळे, लंगोट कोऱ्या चहासारखा. दवाखान्यात चला म्हटलं तर रितेश म्हणाला, आई म्हणते कोवळं ऊन दाखव. बुधवार त्या उन्हात गेला. गुरुवारी मी पोराला उचलून रस्त्यावर येऊन उभी राहिले, तेव्हा त्याने गाडी काढली.

पण किळस आली ती इथे. डॉक्टर बाळाला तपासता तपासता विचारत होते, काही दिलं का, लावलं का, घरात डांबरगोळ्या आहेत का. सासूबाईंनी हात जोडून सांगितलं, नाय वो डॉक्टर, आमच्याकडं असलं काय नसतं. पोर समोर पिवळंधमक पडलं होतं, ताई! आणि रितेश चपलांकडे बघत उभा. मी ओरडून सांगितलं तेव्हा डॉक्टरांना कळलं. त्या दोघांनी दिलेला चहासुद्धा मला प्यायवत नाही, शिसारी येते.

सोडतील तेव्हा मी पेणला येणार. आपल्या आईला धीर दे.

तुझा हात पाठीवर असू दे.
मृणाली

॥ श्री ॥
रोहा, २७ जानेवारी

चि. सौ. अनिताबाई हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

बाळ बरं आहे असं आदेशकडून कळलं. देवाची कृपा. आमच्याकडे वालाच्या शेंगा भरल्या आहेत, पाठवते.

झालं ते झालं. हे दुखणं आईकडून येतं असं डॉक्टरच म्हणाले, तेव्हा आमच्या घराण्यावर बोल नको. तरी आम्ही तुम्हाला काही म्हणत नाही. आळीत कावीळ झाली असंच सांगितलं आहे, तुमचीही अब्रू राहिली. खरं सांगू का, त्या टाचेला टोचलंच नसतं तर हे काही कळलं नसतं आणि घरात तमाशा झाला नसता.

बाळाला वर्षभर तुमच्याकडेच राहू दे. तुमचं रक्त, तुम्हाला त्याची माहिती जास्त. मृणालीला मात्र लगेच पाठवा. रितेशची शिफ्ट असते, डब्याचे हाल होतात, माझे गुडघे साथ देत नाहीत. दोघं तरुण आहेत. पुढचं मूल चांगलं होईल.

आपलेपणा आहेच, तो वाढावा.
विमल

पेण, ३० जानेवारी

ती. सासूबाईंस,
सा. न. वि. वि.

शेंगा मिळाल्या. ताईला आलेलं पत्र तिने मला वाचायला दिलं. उत्तर मीच लिहिते.

होय, ते माझ्याकडूनच आलं. मला त्याची लाज वाटत नाही. झबलं मात्र माझ्याकडून आलं नव्हतं.

रितेश रविवारी येऊन गेला. मी त्याला एवढंच विचारलं, की आळीत खरं काय ते सांगशील का? तो म्हणाला, आईचं वय झालंय. मग बिरडं-भात जेवला आणि गेला. त्याच्या डब्याची काळजी नको, भूक शाबूत आहे.

बाळ इथे ठेवून मी तिथे यावं, हे तुम्ही शेंगांबरोबर लिहिलंत. मी ते दोनदा वाचलं. पुढचं मूल चांगलं होईल म्हणता. हे चांगलं आहे. ती औषधं आणि डांबरगोळ्या लांब ठेवल्या की याला काही होत नाही.

मी येणार नाही. तुम्हाला नातू बघावासा वाटला तर आधी त्या दिवशी हसलेल्या बायकांना घरी बोलवा, कावीळ नव्हती हे तुमच्या तोंडाने सांगा, आणि मग या. चहा मी करीन. तोवर तुमचा लोभ नसला तरी आमचं दोघांचं भागतं.

मृणाली