दाजींचा बिल्ला

प्रिय चंचल,

खूप आशीर्वाद. तुझा पत्ता भंवरलालजींनी दिला. भोकरदनला त्यांच्या दुकानात गेलो, तर गादीवरून उठून जवळ आले. "गुरुजी, आपली चंचल बडी वकील झाली! अणुऊर्जावाल्या कंपन्यांचं सगळं कोर्टाचं काम तीच बघते." बापाचा चेहरा असा उजळला होता, की मी नुसताच "हो, कळलं" म्हणालो. कसं कळलं, ते काही बोललो नाही. चहा घेतला आणि एस.टी. धरली.

धावड्याला तुमचं दुकान होतं तेव्हाची शाळा आठवते का गं? जेवणाच्या सुट्टीनंतर मी गणित गुंडाळून ठेवायचो आणि कविता काढायचो. तपासणीचे साहेब आले की तुम्हीच पटकन फळ्यावर बेरजा मांडून मला वाचवायचात. घरी मारवाडी बोलणारी तू, पण चाल अशी धरायचीस की खिडकीबाहेरच्या ज्वारीनंसुद्धा डोलावं. तुझ्या मागं आमचा कल्याण बसायचा. त्याला कडवं पाठ नसायचं, नुसते ओठ हलवायचा. त्याची पाळी आली की तू मान न वळवता पहिला शब्द पुटपुटायचीस. अजून मला डोळे मिटले की तो वर्ग दिसतो. आताशा मी डोळे फार वेळ मिटूनच बसतो.

कल्याण गेला, हे तुला ठाऊक असणार. आमच्या दाव्यात तुमच्या बाजूनं आलेल्या नव्या अर्जात त्याच्या नावामागं 'मयत' लागलेलं आहे. आधीच्या उत्तराखाली तुझी सही होती, ती मी ओळखली. तू त्याचं नाव ओळखलंस की नाही, कोण जाणे. दिवसाला किती नावं डोळ्यांखालून जात असतील.

तो आणि आमच्या शालूचा नवरा भागवतराव, दोघं एकाच कंत्राटदाराकडून अणुभट्टीच्या दुरुस्तीला गेले. छातीवर लावायचा तो बिल्ला तुला मी काय सांगणार? अंगावर किती किरणं पडली ते त्यात उमटतं, आणि मर्यादा झाली की त्या माणसाला आत जाऊ देत नाहीत. पोरं त्याला 'बिल्ला भरला' म्हणायची. निघताना कल्याणच्या आईनं, पुष्पाबाईनं, त्याच्या हातावर दही ठेवलं आणि बजावलं, "दाजींला जप बरं. जावई मानूस हाय, त्यास्नी अवघड कामाला हात लावू देऊ नको." आपल्याकडं कुठली आई असं म्हणत नाही?

पुढं कल्याणला रक्ताचा कॅन्सर झाला. जालन्याच्या वकिलांनी नुकसानभरपाईचा दावा लावला. त्यावर तुमचं उत्तर आलं: कल्याणचा बिल्ला जवळजवळ कोरा आहे, तो आतल्या भागात गेलेलाच नाही, सबब आजाराचा कामाशी संबंध नाही. फार नेटकं लिहिलं होतंस. मी दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून अर्थ सांगितला, तर तो हसला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा हसला.

"बराबर हाय की, नाना. माजा बिल्ला कोराच हाय. मी दाजींचा लावून आत गेल्तो."

मला काही उमजेना. मग त्यानं तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. आत जायची पाळी भागवतरावांची असली, की हा त्यांचा बिल्ला स्वतःच्या छातीला लावायचा. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेलं, मुखवटा घातलेला, ओळखतो कोण? कल्याणचं नेमलेलं काम बाहेरून सामान द्यायचं; त्याचा कोरा बिल्ला लावून तिथं दाजी थांबायचे. ते नको म्हणायचे, तर हा म्हणायचा, "तुमी गप बसा. शालीला तोंड दाखवायचंय मला." जे काही पडलं ते कल्याणच्या अंगावर पडलं, आणि उमटलं भागवतरावांच्या नावावर. त्यांचा बिल्ला भरला म्हणून त्यांना आतल्या कामातून काढून सामानाच्या कोठीवर बसवलं, आणि ती नोकरी पुढं टिकली. शालू तिथंच वसाहतीत राहते, तिला दुसऱ्यांदा दिवस गेलेत. "आईला सांगू नका," एवढंच म्हणाला. पोळ्याच्या आधी गेला. हा आजार त्या कामानंच झाला का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. ते कळायची एक वाट होती, तीही त्यानंच बुजवली.

आता तुम्ही भागवतरावांना साक्षीला बोलावलंय. कल्याण आत जात नव्हता, हे सोबत्याच्या तोंडून वदवायचं, म्हणून. परवा ते धावड्याला आले. ओसरीवर बसले, पाण्याचा तांब्या हातात तसाच. पुष्पाबाईनं त्यांच्यासाठी घाईनं शिरा केला. दुःखाच्या घरी जावई आला, म्हणून तिला तेवढंच बरं वाटलं. म्हणाली, "माज्या लेकानं तुमाला नीट सांभाळलं का न्हाई, भागवतराव?" त्यांच्या हातातला घास खाली पडला. ती आत गेल्यावर मला म्हणाले, "मामा, खरं सांगितलं तर नोकरी जाईल, वर बिल्ला बदलल्याचा खटला होईल. खोटं सांगितलं तर कल्याणला मीच दुसऱ्यांदा मारलं. तुमी म्हनाल ते बोलतो. तुमीच सांगा, मंग मी सुटलो." मी त्यांची पिशवी उचलली आणि फाट्यापर्यंत त्यांच्यासोबत चालत गेलो. ते शेवटच्या गाडीनं गेले.

म्हणून लिहितोय. सोमवारी मी दावा मागे घेतोय. वकील चिडलेत. "गुरुजी, कागदोपत्री तुमचा मुलगा खोटा ठरंल," म्हणाले. ठरू दे. पण तुमच्या अर्जात पुढं असंही आहे, की दोघांचे बिल्ले शेजारी ठेवून तपासावेत. तसं झालं तर अदलाबदल उघडी पडेल. ते तू मागितलंयस, तूच सोडू शकतेस. दावाच उरला नाही, तर ते तपासू नकोस, आणि भागवतरावांना त्या पिंजऱ्यात उभं करू नकोस. विरुद्ध बाजूच्या वकिलाला असं लिहायचं नसतं, हे मला कळतं. हे वाचून तुला गप्प राहता येईल का, तुझा कायदा तुला राहू देईल का, तेही मला माहीत नाही. तरी लिहिलं, कारण माझा मुलगा खोटा नव्हता हे घरात कुणाला सांगायची मला सोय नाही. आत पुष्पाबाई शालूच्या बाळंतपणासाठी डिंक निवडत बसलीय. कुणाला लिहिताय, म्हणून तिनं आताच विचारलं. मी म्हटलं, जुन्या विद्यार्थिनीला, सहज.

तुझाच,
पुंजाराम गुरुजी