डावी बाही

ऑल्डरकोट हॉल
मंगळवार, ३ नोव्हेंबर १८६८

प्रिय केझी,

तू आणि छोटी रूथ बऱ्या असाल, छपराची गळती थांबली असेल, अशी आशा करते. मी बरी आहे. हाताची भाजलेली जागा पूर्ण भरून आली.

हे पत्र शाळेच्या मिस ओकशॉटकडूनच वाचून घे. पाद्रीबुवांकडे नेऊ नकोस. ते दर गुरुवारी आमच्या बाईसाहेबांकडे चहाला असतात. मिस ओकशॉट, केझीनं मध्येच ‘पुरे’ म्हटलं तरी आपण कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

पत्र घराच्या टपालपिशवीत टाकलेलं नाही. साहेब गेल्यापासून पिशवीची किल्ली बाईसाहेबांकडे असते, आणि परवा डॉर्कसच्या आईचं पत्र आलं तेव्हा त्याची लाख चिरलेली होती. गाडीवाले म्हातारे टकवेल हे तुझ्या हातात देतील. त्यांना काही विचारू नकोस.

साहेबांची शिकारी कुत्री विकली. दिवाणखान्याचे पडदे अजून ओढलेलेच आहेत. यंदा नासपती चांगली आली, पण बागेत लक्ष घालायला कुणी नाही.

हे मी काय लिहिते आहे? बागेत लक्ष घालणारा तुझा नवरा सायलसच होता, आणि तो आता तुरुंगात आहे.

सख्ख्या बहिणीच्या तोंडावर तू दार लावलंस ते बरोबरच होतं. साहेबांना, सर एव्हरार्डना, विष कुणी दिलं याच्या चौकशीत कॉरोनरनी मला विचारलं, ‘मंगळवारी सायलस बॅरोला कोठाराच्या दाराशी पाहिलंस का?’ मी म्हणाले, ‘पाहिलं.’ ‘हातात काय होतं?’ ‘उंदरांच्या विषाचा डबा.’ शपथेवर होते, केझी. खरं होतं. तो डबा बाईसाहेबांनीच मागवला होता असं सायलस म्हणाला; बाईसाहेब ‘नाही’ म्हणाल्या; आणि साहेबांनी आदल्याच आठवड्यात त्याला नोकरीवरून काढल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. पुढचं मला कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आता ते सांगते. चौकशीला आज सतरा दिवस झाले.

साहेब बुधवारी, चौदा तारखेला गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हा अकराही बायकांना सुतकाचे काळे पोशाख मिळाले. अगदी भांडी घासणाऱ्या डॉर्कसलासुद्धा, मनगटांवर क्रेप कापडाची पट्टी लावलेले. डॉर्कस स्वतःभोवती गिरकी घेऊन म्हणाली, ‘एका रात्रीत अकरा पोशाख! बाईसाहेबांनी भुतं बसवली होती की काय शिवायला?’

स्वयंपाकीणबाई ओरडल्या, ‘तोंड आवर, कार्टे. घरात मढं आहे.’

‘आवरते. पण बसलाय किती छान ते तरी बघा. मला आयुष्यात नवं कापड पहिल्यांदा मिळालं, ते साहेबांच्या मरणाला!’

कारभारीण मिसेस पार्जेटर दारात उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘मापं काल घेतली, मेलबरी गावच्या बायकांनी रात्रभर बसून शिवले. कुणी विचारलं तर तसंच सांगायचं.’ सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

आदल्या दिवशी आमची मापं कुणीच घेतली नव्हती. ती आधी घेतली होती, ‘नाताळला फुलाफुलांचं कापड मिळणार’ म्हणून. तेव्हा बाईसाहेब स्वतः खिडकीशी बसल्या होत्या. माझी पाळी आली तेव्हा माझ्या डाव्या हाताला जाड पट्टी होती. त्यांनी पुस्तकातून मान वर केली. ‘पार्जेटर, डावीकडे सैल ठेवा हं. बिचारीचा हात किती भाजलाय.’ इतक्या मायेनं मला इथे कुणी कधी बोललं नव्हतं. मी त्या रात्री त्यांच्यासाठी प्रार्थना केली होती.

चौकशीच्या दिवशी मी तोच पोशाख घालून उभी होते. बायबलवर हात ठेवायला हातमोजा काढला आणि डावी बाही घसरून बोटांपर्यंत आली. उजवी घट्ट, डावी दोन बोटं सैल. तेव्हाच मला कळलं, हा पोशाख त्या ‘नाताळच्या’ मापांवर शिवलेला. जरा वर पाहिलं तर बाईसाहेब माझ्या बाहीकडेच बघत होत्या.

आणि मी तोंड उघडलं ते फक्त डब्याबद्दल.

का? नोकरी गेली तर शिफारशीचा कागद मिळणार नाही, आईला पैसे कोण पाठवणार, हे सगळं मनात आलं. खरं त्याहून साधं आहे. मी घाबरले.

प्लमचा मुरंबा करताना मी भाजले तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी, कापणीच्या प्रार्थनेच्या रविवारी, सत्तावीस सप्टेंबरला, पट्टी बांधलीस ती तू. सायलसचा जुना सदरा फाडून, हंसाची चरबी लावून. सायलस म्हणाला होता, ‘अगं, हात बांधतेस की फडक्यातलं पुडिंग?’ पुढच्या रविवारी ती सोडलीस तीही तूच. म्हणजे मापं घेतली ती त्या आठवड्यात. साहेब तेव्हा धडधाकट होते, घोड्यावर बसून कोल्ह्यांमागे फिरत होते. सुतकाचे पोशाख बेतले ते साहेब जाण्याच्या दहा दिवस तरी आधी.

डॉर्कसला मी हळूच विचारलं. ती म्हणाली, ‘मला आठवत नाही, आणि तुलाही आठवत नाही, टॅबी.’ तिला दोष देत नाही. आठवणीवर कुणी विश्वास ठेवणारही नाही. पण बाही खोटं बोलणार नाही, आणि पट्टीची तारीख सांगू शकणारी तू एकटी आहेस.

आज दुपारी मिसेस पार्जेटर माझ्याजवळ आल्या. ‘टॅबिथा, तुझी ती बाही फार वाईट दिसते. उद्या नऊ वाजता पोशाख शिवणाच्या खोलीत आणून दे. बाईसाहेबांनी मुद्दाम आठवण केलीये.’ मी ‘हो बाई’ म्हणाले. त्या गेल्यावर दाराआड कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. नसेलही.

उद्या आठ वाजता मी तो पोशाख अंगात घालून मागच्या फाटकातून निघेन. चालत तुझ्याकडे येईन, तिथून सायलसच्या वकिलांकडे, मिस्टर ऑर्मरॉडकडे. मी दुपारपर्यंत पोचले नाही, तर हे पत्र घेऊन तू एकटी जा.

तू आठव्या वर्षापासून दुसऱ्यांच्या शेतात दगड वेचलेस म्हणून मी शाळेत बसले. त्या शिकण्याच्या जोरावर मी सायलसविरुद्धच्या माझ्या जबानीखाली झोकात सही केली. बाकीच्यांनी फुल्या मारल्या. त्या सहीची लाज वाटते.

दार उघडलं नाहीस तरी मी पायरीवर बसेन. फक्त ती पट्टी टाकून दिली नसशील तर बाहेर घेऊन ये, आणि त्या रविवारी बांधली होतीस तशीच माझ्या हाताला बांध.

बाही बरोबर बसेल.

तुझ्या उंबऱ्याबाहेरची,
टॅबिथा