अप्पांचं पहिलं मरण

अप्पा, तुम्ही मेलात ही खबर पहिल्यांदा घरी आली तेव्हा तुम्ही परभणीत तालुकदाराच्या कचेरीबाहेर बसून होता. आम्हाला ते कुठून कळणार? तुम्ही गेलात त्या वेळच्या तुमच्या वयापेक्षा मी आता बरीच मोठी झाले आहे आणि ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांच्यातली मी एकटीच उरले. नातवंडं विचारतात, खरंच असं झालं होतं का? सांगायला लागले की माझंच मला खोटं वाटतं. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. तुम्ही चूक काढाल, जागच्या जागी.

आधी सैपाकघर आठवतं. मी चुलीपुढं भाकरी थापतेय, सातवा महिना लागलेला, पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. तुम्ही उंबऱ्याला टेकून बसलाय, मांडीवर दोन अखबार. एक शहरातून येणारा उर्दू, तो उघड. दुसरा सरहद्दीपलीकडून येणारा मराठी, तो बंदीचा, गुळाच्या पोत्यातून आलेला. इंग्रज देश सोडून गेले होते, आमच्यावर अजून निजामाचंच राज्य होतं, आणि रियासतीचं पुढं काय होणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्ही एका अखबारातली बातमी वाचायचा, मग तीच दुसऱ्यातली. एकदा मी मराठी अखबाराकडं बोट दाखवून म्हणाले, "हा खरा. आपला हाय." तुम्ही वाचणं थांबवलंत. "आपला हाय म्हणून खरा? ह्याच्यात मेलेले सगळे आपले. त्याच्यात मेलेले सगळे त्यांचे. दोन्हीत मारणारा मातूर एकबी घरचा न्हाई. सगळे बाहेरून येऊन मारायलेत?" मला राग आला होता. भाकरी करपली आणि त्यावरून आई मला बोलली, तुम्हाला नाही.

तुम्ही जुन्या वळणाचे. कापडाचं दुकान, सकाळी लिंगपूजा, कपाळाला विभूती आणि एकदा दिलेला शब्द. राज्य कुणाचंही येवो, घडी मोडून येऊ नये असं तुम्हाला वाटायचं. म्हणून गावातली पोरं तुम्हाला सरकारधार्जिणा म्हणत. रियासतीच्या बाजूनं हत्यारं घेऊन फिरणारे खाकीवाले तुम्हाला बागी का बाप म्हणत, कारण माझा थोरला भाऊ सरहद्दीवरच्या छावणीत गेला होता. जाण्याआधीचं तुमचं भांडण मी माजघरातून ऐकलं. त्याच्या सोबत्यांनी करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका जाळला होता, आणि आत चपराशी होता. भाऊ म्हणाला, "लढाईत असं होतं, अप्पा." तुम्ही म्हणालात, "त्याचं नाव काय होतं?" भावाला ठाऊक नव्हतं. "नाव इचारून ये, मंग लढाईचं बोलू. आज राज्य मोडायला आग लावायलाव. उद्या तुमचं राज्य आलं तरी हाताला तीच सवय राहणार हाय." तो न जेवता गेला.

त्याच हिवाळ्यात सरकारनं आमच्या गायरानात बाहेरची कुटुंबं आणून बसवली. फाळणीच्या दंगलीत घरं जळालेली मुसलमान माणसं, दूरच्या मुलुखातली. त्यांची बोली आमच्या गावच्या मुसलमानांनाही नीट कळायची नाही. गावातलं कुणी उघड बोलेना. तुम्ही बोललात. गुरं चरायची जागा गावाची, गावाला न विचारता तिथं बस्ती करायची हे बेकायदा, असं तुम्ही चावडीवर सांगितलंत. ऐकलं नाही म्हणून अर्ज घेऊन परभणीला जायचं ठरवलंत. आणि जायच्या आधी त्याच बस्तीतला एक कल्हईवाला दारात थंडीनं काकडत उभा राहिला, तर खुंटीवरचा स्वतःचा काळा लोकरी कोट काढून त्याला दिलात. आई म्हणाली, "त्यास्नी काढायसाठी अर्ज करायलाव, अन् कोट बी द्यायलाव?" तुम्ही पागोटं बांधत म्हणालात, "माझं भांडण आणणाऱ्याशी हाय. ह्याला न विचारता आणलं, आपल्याला न विचारता बसवलं. थंडी काय दोघांस्नी येगळी वाजायलीय?"

तुम्ही गेलात आणि मधेच रेल्वे बंद पडली. रूळ कुणी उखडले यावरही नंतर दोन अखबारांत दोन गोष्टी आल्या. तुमचा पत्ता नाही. मग एके दिवशी भोई सांगत आले, की पूर्णेच्या डोहात प्रेत अडकलंय. मला दिवस गेलेले म्हणून जाऊ दिलं नाही. आई गेली. चेहरा माशांनी ठेवला नव्हता. पण अंगावर काळा कोट होता, आणि त्याला एक पितळी गुंडी होती, आईनं स्वतः टाचलेली. कोट दिलेला तिला ठाऊक होता, अप्पा, तिच्या डोळ्यांदेखत दिला होता. पण त्या क्षणी तिला फक्त गुंडी दिसली. गळ्यात लिंग नव्हतं. अंत्यविधीला आलेले जंगम स्वामी म्हणाले पाण्यानं नेलं असेल, आणि नवं बांधलं. आंघोळ घालण्याजोगं काही उरलं नव्हतं. आपल्या लिंगायत रीतीप्रमाणं खड्डा खणून, बसवून, विभूती टाकून मळ्यात माती दिली. आईनं बांगड्या फोडल्या.

तुम्ही भर दुपारी आलात. उन्हानं गल्ली पांढरी पडलेली, कुत्रंही नाही. तुमची बहीण, माझी आत्या, ओसरीत गळा काढून रडत होती, "दादा, माझ्या दादा, कुठं गेलास रं." आणि दारातून तुमचा आवाज आला, "काय झालं? कोण गेलं?" आत्यानं वर पाहिलं. ती ओरडली नाही. ती तुमच्याकडं बघत पुन्हा तेच म्हणू लागली, त्याच सुरात, फक्त हळू. तुम्ही परभणीपासून चालत आला होता, पाय धुळीनं भरलेले. पाणी मागितलंत. कुणी उठेना. शेवटी तुम्हीच रांजणातून घेऊन प्यालात आणि पाणी घशातून खाली उतरताना आम्ही सगळ्याजणी बघत राहिलो.

गावाला तुमचं परत येणं पचलं नाही. दुकानात गिऱ्हाईक यायचं, पण कापडाकडं बघून बोलायचं. वाटेत कुणी "शरणार्थ" म्हणून नमस्कार करेना. बाया लेकरांना पदराखाली घ्यायच्या. फुटलेल्या बांगड्या पुन्हा भराव्यात का, यावर म्हाताऱ्यांत वाद झाला. कासार घरी यायला तयार होईना. आईनं ट्रंकेतल्या जुन्या बांगड्या सैपाकघरात बसून एकटीनंच चढवल्या. तिचा हात सोलला होता. त्या घालून ती तुम्हाला जेवायला वाढत होती, आणि तुम्ही ताटाकडं बघत होता.

मग दोन्ही अखबार आले. तुम्ही उंबऱ्याशी बसलात आणि नेहमीसारखे मोठ्यानं वाचलेत. उर्दूत होतं, सरकारशी इमान राखणाऱ्या एका व्यापाऱ्याला सरहद्दीपलीकडच्या शरपसंदांनी, म्हणजे दंगेखोरांनी, मारून नदीत टाकलं. मराठीत होतं, गायरानाच्या हक्कासाठी झगडणाऱ्या वीराला बाहेरून आणून बसवलेल्या गुंडांनी ठार केलं. दोन्हीत तुमचं वय चुकीचं होतं. तुम्ही घडी घातलीत आणि म्हणालात, "दोघांनीबी माझं लय चांगलं लिव्हलंय." मी हसले. तुम्ही हसला नाही. तुम्ही विचारलंत, "मग तिथं कोण बसलाय?"

आमच्यापैकी कुणी तो प्रश्न तोवर विचारला नव्हता. दुसऱ्या सकाळी तो प्रश्न चालत दारात आला. कडेवर लेकरू घेतलेली गायरानातली एक बाई. "सेठ, मेरा आदमी आपका कोट पहन के गया था. लौटा नहीं. आपने देखा?" मला आठवतं, तुम्ही दाराची चौकट धरली. तिला ओसरीत बसवलंत, आईला गूळपाणी आणायला सांगितलंत, आणि तिच्यासमोर खाली बसून सगळं सांगितलंत. ती रडली नाही. तिनं विचारलं, "किसने मारा?" तुम्ही म्हणालात, "मला ठाऊक न्हाई, बाई. माझ्यासाठी मारला का त्याच्यासाठी, तेबी ठाऊक न्हाई." कोट बघून खाकीवाल्यांनी तुम्ही समजून मारला असेल, किंवा चेहरा बघून आपल्याच पोरांनी. आजवर कुणालाच कळलेलं नाही. दोन्ही अखबारांना मात्र कळलं होतं.

भाऊ आला तो दिवेलागणीला, परसदारानं. अंगाला रॉकेलचा वास. आईच्या पाया पडायला वाकला आणि वर बघतो तर चुलीच्या उजेडात तुम्ही. तो मागं सरकून भिंतीला लागला.

"ये. बस," तुम्ही म्हणालात.

"तुमी... आमी तर सभा घेतली, अप्पा. हजारो माणूस रडलं."

"मंग त्यास्नी सांग, रडू नका म्हणावं."

भाऊ अशा आवाजात बोलला, की तो आवाज मला अजून ओळखता येत नाही. "आता सांगता यायचं न्हाई. पोरं तुमच्या नावाची शपथ घेऊन आलीत. मळ्यात थांबलीत. तुमी दोन-चार महिने घरातून बाहेर पडू नका. कुणाला दिसू नका. तेवढं करा."

"म्हंजी मी मेलेलाच बरा हाय."

"तसं न्हाई, अप्पा."

"तसंच हाय. कुठं निघालाव?"

त्यानं गायरानाच्या दिशेला बघितलं. तुम्ही उठलात, कंदील घेतलात. आई आडवी आली, तिला हातानं बाजूला केलंत. मी माळवदावर चढले. पोट सांभाळत कशी चढले कोण जाणे. आपल्या माळवदावरून गायरान दिसायचं. तुम्ही त्या बाईच्या झोपडीपुढं जाऊन बसलात, कंदील वर उचलून तोंडाशी धरलात. मळ्याकडून माणसं आली आणि काही अंतरावर थांबली. तुम्ही त्यांच्यातल्या एकेकाला बापाच्या नावानं हाक मारत होता. अमक्याच्या लेका, पुढं ये. तमक्याच्या लेका, पुढं ये, कंदील धरतो, नीट बघ. कुणीच पुढं येईना. ते तुम्हाला ओळखत होते म्हणूनच त्यांचे पाय उचलत नव्हते. एकानं मशाल टाकली आणि पळाला, मग बाकीचे. शेवटी भाऊ एकटा उभा राहिला. तो तुमच्याजवळ आला नाही. तिथूनच वळला आणि गेला.

पुढच्या दिवसांत तुम्ही त्या बाईला मळ्यात नेलंत. स्वामींना म्हणालात, आता उकरून विटंबना करायची नाही, पण हिला हिच्या रीतीनं करू द्या. स्वामी विहिरीकडं तोंड करून उभे राहिले. तिनं ओंजळ धरून फातेहा म्हटला. दोन्ही अखबारांना तुम्ही माणसं पाठवून कळवलंत, मी जिवंत आहे, गेलेला दुसरा आहे, त्याला बायको आहे. कुणीच छापलं नाही.

भादव्यात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य गेलं. गावात गुलाल उधळला. तुम्हीही दुकानावर झेंडा लावलात, मला आठवतं, घडी अगदी सरळ करून. त्या आठवड्यातच गायरान पेटलं. या वेळी छावणीतली पोरं नव्हती, खाकीवाले तर पळालेच होते. तुमच्या दुकानात कापड घेणारी, तुमच्या ओसरीत चहा प्यालेली माणसं होती. तुम्ही धावत गेलात, एकाचा हात धरलात. तो तुम्हाला काय म्हणाला ते तुम्ही फक्त आईला सांगितलंत आणि आईनं मरताना मला. त्यानं तुमचा हात अदबीनं सोडवला, डोळ्यांत डोळे घातले आणि म्हणाला, "अप्पा, तुमच्याच खुनाचा बदला हाय की हो हा."

ती बाई लेकरासकट आदल्या दिवशीच कुठंतरी निघून गेली होती असं काहीजण म्हणतात. तुम्ही पाथरीपर्यंत शोध घेतलात. मिळाली नाही. त्यानंतर तुम्ही अखबार वाचला नाही. भावाला नव्या राज्यात मान मिळाला, तो यायचा, पाया पडायचा, तुम्ही आशीर्वाद द्यायचा, पण त्याच्या ताटाशी बसायचा नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही खरोखर गेलात. माती द्यायला फार माणसं आली नाहीत. एक म्हातारा म्हणाला, आमी तर मागंच येऊन गेलो. त्याच मळ्यात, त्या माणसाच्या शेजारी तुम्हाला बसवलं. भावानं दोन्हींवर सारखे दगडी ओटे बांधले. का बांधले ते त्यानं कधी सांगितलं नाही.

मग येलदरीचं धरण झालं आणि गाव, मळा, गायरान, सगळं पाण्याखाली गेलं. आम्हाला वर माळावर नवी घरं दिली. आपलं ठिकाण सोडून, न विचारता, दुसऱ्याच्या शिवारात. तिथले लोक पहिली काही वर्षं आमच्याकडं कसे बघायचे ते तुम्हाला सांगायला नको.

एखाद्या साली पाणी फार उतरलं की ते दोन ओटे वर येतात. यंदा आले. नातू मला गाडीतून घेऊन गेला. गाळ इतका बसलाय की दोन्ही एकसारखे दिसतात. डावीकडचा तुमचा की उजवीकडचा, मला सांगता येईना. नातू म्हणाला, आजी, हाक मारून बघ. मी मारली नाही.

हे पत्र त्या पाण्यात सोडायचं म्हणून लिहायला घेतलं होतं. आता सोडणार नाही. तुम्हाला पोचणार नाही म्हणून नव्हे. अप्पा, खरं सांगते, ते तुमच्या शेजारच्या त्या दुसऱ्याला पोचेल आणि तो उत्तर देईल, याची मला भीती वाटते.